आजोबांची माउझर: स्कोप की पीप साइट?
नौपाड्यातल्या घरी आजोबांची माउझर ९८ ही जुनी जर्मन रायफल आहे. मूळची लष्करी, पुढे लाकूड कापून शिकारीसाठी हलकी केलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमची शिकार बंद. आता फक्त कागदी लक्ष्य.

स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावायचा तर रिसीव्हरला (नळीमागच्या पोलादी भागाला) भोकं पाडून आटे काढा, बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीचा) सरळ दांडा वाकवा, नाहीतर उचलताना तो स्कोपवर आपटतो. सेफ्टीचा, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणूनच्या कळीचा, पंखही वर उभा राहून आड येतो. त्यात दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचं लाकूड, खाली उतरलेला. स्कोपमधून बघताना गाल टेकतच नाही.

पीप साइट म्हणजे डोळ्याजवळ बसवायची, बारीक छिद्रातून नेम धरायची चकती. तिला काम थोडं, वजन नगण्य. चाळिशीमुळे मला पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) धूसर दिसते (चष्मा हरवतो तो वेगळाच), पण बारीक छिद्रातून तीही बरीच नितळ होते. लांबच्या लक्ष्यावर स्कोपच सरस, हे कबूल. तरी मी पीपच बसवणार.