“उन्हानं गोंद वितळला साहेब”: गोल्फ क्लबची शाफ्ट बदलून घेताना झालेली फसवणूक

माझ्या गोल्फच्या आयर्नच्या (धातूच्या हेडच्या क्लबच्या) सेटच्या स्टीलच्या शाफ्ट, म्हणजे दांडे, काढून ग्राफाइटच्या बसवायला दिल्या होत्या. सकाळी दिलेला सेट संध्याकाळी “एकदम रेडी, आजच खेळा” म्हणून हातात आला. बिलावर ‘स्पेशल इपॉक्सी’चे, म्हणजे शाफ्ट चिकटवायच्या गोंदाचे, वेगळे पैसे. महिना-दीड महिना ठीक गेला. मग सात नंबरच्या आयर्नमधून फटक्याच्या वेळी टक् असा बारीक आवाज येऊ लागला, फेरूल (जोडावरचं प्लास्टिकचं कडं) आणि होझल (हेडची शाफ्ट बसते ती नळी) यांच्या मध्ये नखभर फट दिसली, आणि एक दिवस सरावाच्या रेंजवर चेंडूच्या आधी हेडच पुढं गेलं. समोर कुणी नव्हतं म्हणून बरं.

दुकानदारानं क्लबकडे नीट बघितलंसुद्धा नाही. “डिकीत ठेवता ना? उन्हानं गोंद वितळला साहेब. त्याला आम्ही काय करणार?” वर पुन्हा चिकटवायचे पैसे वेगळे!

हे उत्तर ऐकायला पटतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ५० ते ६० अंश सेल्सिअस सहज होतात, आणि क्लब डिकीत ठेवू नयेत हा सल्ला योग्यच आहे. पण नीट मुरलेला इपॉक्सी वितळत नाही. मेणासारखा पातळ होऊन पुन्हा घट्ट होणारा तो पदार्थच नव्हे. ठरावीक तापमानापलीकडे तो मऊ पडतो, पकड सोडू लागतो, आणि फार तापवला तर जळून भुगा होतो. शाफ्ट काढताना कारागीर हेच करतात: हीट गननं (गरम हवेच्या यंत्रानं) होझल शंभर अंशांच्या बऱ्याच वर नेतात आणि मग शाफ्ट सरळ ओढतात. एवढी मेहनत घ्यावी लागते ती चांगला जोड सहजासहजी सुटत नाही म्हणूनच.

तुटलेला क्लब दुसऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेला. त्यानं आधी शाफ्टचं टोक उजेडात धरलं. होझलमध्ये जाणाऱ्या भागावरचा कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत! तो रंग खरवडून, पॉलिश पेपरनं टोक खरखरीत करायचं असतं. नाहीतर इपॉक्सी शाफ्टला नाही, रंगाला चिकटतो. मग त्यानं होझलमधून गोंद टोकरून काढला, तर सापाच्या कातीसारखी अख्खी नळी बाहेर आली. आतली बाजू गुळगुळीत, शाफ्टला कुठं धरल्याची खूण नाही. तुकडा जरा गरम करून त्यानं नख दाबलं, तर नखाचा वण उमटला. पाच मिनिटांत सुकणारा घरगुती इपॉक्सी असणार, असं तो म्हणाला. हा गोंद लवकर धरतो, पण उष्णता आणि हादरे दोन्ही सोसण्यात कच्चा. क्लबसाठीचा नेहमीचा इपॉक्सी पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास घेतो. थंडीत त्याहून जास्त. त्यात कालवायच्या रेझिन आणि हार्डनर या दोन भागांचं माप चुकलं तर तो कितीही दिवसांनी नीट कडक होत नाही, आणि त्याला पहिला दणका उन्हाचाच बसतो. म्हणजे ऊन होतंच. पण उन्हानं जोड बिघडवला नाही, बिघडलेला जोड उघडा पाडला.

सगळ्यात राग आला तो पुढच्या गोष्टीचा. बाकीचे क्लबही उघडायला लावले. काही तर हीट गन जेमतेम लावताच सुटले. आणि एका शाफ्टचं टोक पिंजलेलं, काळं पडलेलं निघालं. म्हणजे मला ‘नवी’ म्हणून विकलेली ती शाफ्ट कुठल्यातरी जुन्या हेडमधून गॅस टॉर्चच्या ज्वाळेनं तापवून, पिळून काढलेली होती. स्टीलची शाफ्ट असा तापवण्याचा मार सोसते. पण ग्राफाइटमध्ये कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिनही इपॉक्सीच्याच जातीचं असतं. होझलमधला गोंद जाळायला निघालेली ज्वाळा शाफ्टलाही आतून जाळते. वर पिळ बसला की धाग्यांचे थर सुटतात. बाहेरून फेरूल चढवली की काही म्हणजे काही दिसत नाही.

तेव्हा काम देताना बिलावर गोंदाचं नाव आणि तो मुरायला किती वेळ ठेवणार, हे लिहून घ्या. शाफ्ट बसवण्याआधी खरवडलेलं टोक दाखवा म्हणून सांगा. चांगला कारागीर आनंदानं दाखवतो. त्याच दिवशी क्लब मिळत असेल तर कोणता इपॉक्सी, हे तिथंच विचारा. आणि टक् आवाज, फिरणारी फेरूल किंवा फट दिसली तर तो क्लब त्या क्षणी बाजूला ठेवा. सुटलेलं हेड माणसाला लागू शकतं.

पैसे मला परत मिळाले नाहीत. “बिलावर गोंदाची गॅरंटी कुठं लिहिलीय?” एवढंच उत्तर मिळालं. माझ्या ओळखीतल्या आणखी एकाचं हेड त्याच दुकानातून आल्यावर सुटलं, तेही ऐन थंडीत. क्लब घरातल्या कपाटात असायचे. त्यालाही डिकीचंच कारण मिळालं.