क्लबच्या अंकातले लेख इतर क्लबांना द्यायचे कसे? पीडीएफ, फोल्डर, फीड आणि गिट

संगणक क्लबचा अंक निघतो, सदस्य वाचतात आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणक प्रणाली बसवण्याचा एखादा झकास लेख त्या अंकातच पडून राहतो. दुसऱ्या क्लबच्या संपादकाला नेमका तसाच लेख हवा असतो, पण एक तर तो सापडत नाही, नाहीतर सापडूनही वापरता येत नाही. खरं तर संगणकाची हौस असणाऱ्यांच्या क्लबांमध्ये लेखांची देवाणघेवाण जुनीच आहे. अमेरिकेतली एपीसीयूजी ही अशा क्लबांची संघटना सदस्य-क्लबांचे लेख एकमेकांना पुनर्मुद्रणासाठी मिळवून देत आली आहे. तुमच्या क्लबलाही हे करायचं असेल, तर चार वाटा आहेत. त्यांतली निवडताना मी एकच गोष्ट बघतो: समोरच्या संपादकाला लेख उचलून आपल्या अंकात बसवायला किती कष्ट पडतील?

पीडीएफमध्ये तुमचे कष्ट शून्य. अंक तयार असतोच, तो संकेतस्थळावर चढवला की झालं. वाचकाला पान हुबेहूब दिसतं, आणि वर्षानुवर्षं जपायचं असेल तर त्यासाठीच ठरवलेलं पीडीएफ/ए हे प्रमाण २००५ पासून आहे. पण समोरच्या संपादकाचे हाल होतात. दोन रकान्यांचं पान कॉपी केलं की कधी डाव्या रकान्याची ओळ उजव्या रकान्यात घुसते. जवळपास प्रत्येक ओळ मध्येच तुटते. देवनागरीत तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, जोडाक्षरं फुटतात, आणि अंक युनिकोडपूर्व (रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या) फॉन्टमध्ये जुळवला असेल तर हाती नुसती रोमन अक्षरांची खिचडी येते. असा लेख दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप केलेला बरा. चित्रांचंही तेच. छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर ४ इंच रुंदीच्या चित्राला १२०० पिक्सेल लागतात. स्क्रीनसाठी हलक्या केलेल्या पीडीएफमधून तेवढे क्वचितच निघतात.

इंटरनेटवरच्या सामायिक फोल्डरमध्ये तुमचं काम थोडं वाढतं आणि समोरच्याचं खूप कमी होतं. दर लेखाला वेगळं फोल्डर, त्यात मजकुराची एक फाइल आणि मूळ आकारातली चित्रं. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय लिहिलात तर यादी आपोआप क्रमाने लागते. मजकूर वर्ड प्रोसेसरच्या फाइलमध्ये द्यायला हरकत नाही, फक्त लेखात टर्मिनलच्या (टाइप करून संगणकाला द्यायच्या) आज्ञा असतील तर सांभाळा. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि दोन आखूड रेघांची (--) मिळून एक लांब रेघ करून टाकतो. छापील पानावर फरक डोळ्यांत भरत नाही, पण वाचक ती आज्ञा तशीच चालवायला जातो आणि एरर येतो. नवशिक्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून तांत्रिक लेख साध्या मजकुरात किंवा मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा करून मथळे, याद्या दाखवायची पद्धत) ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. आणखी एक: फोल्डर संपादकाच्या खासगी खात्यावर उघडू नका. संपादक बदलला की किल्ली त्याच्याकडे राहते आणि क्लबच्या हाती नुसतं कुलूप उरतं.

आरएसएस फीडचा (संकेतस्थळावरच्या नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी) फायदा असा की इतर क्लबांना तुमच्या दारात यावं लागत नाही, नवा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचतो. पण फीडमध्ये सहसा अलीकडचेच काही लेख असतात; वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात दहाच. जुना साठा त्यातून मिळत नाही. चित्रंही बहुतेकदा तुमच्याच सर्व्हरवरून दिसतात, तिथून काढली की दुसरीकडूनही गायब. फीड ही वर्दी समजा, भांडार नव्हे.

गिट या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद राहते, आणि दुसऱ्या क्लबने दुरुस्ती सुचवली तर ती स्वीकारणं सोपं जातं. प्रोग्रॅमिंगचे लेख जास्त असतील तर याहून चांगली सोय नाही. मात्र मजकूर जुळवणाऱ्या सदस्याला गिट येत नसेल, तर दोन अंकांतच साठा शिळा होतो.

या चारही वाटांवर एक प्रश्न समान आहे, आणि क्लब नेमका तोच शेवटावर ढकलतात: परवानगी. १९७६ साली होमब्रू कॉम्प्युटर क्लब या अमेरिकेतल्या हौशींच्या क्लबच्या वार्तापत्रात बिल गेट्स यांचं हौशी मंडळींना लिहिलेलं खुलं पत्र छापून आलं, तेही विनापरवाना कॉपी होणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलच होतं. वेगळा करार नसेल तर लेखाचा हक्क साधारणपणे लेखकाचा असतो, क्लबचा नाही. तेव्हा लेख मागतानाच विचारून घ्या.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने (लेखकाने ठरावीक अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली वापराची मुभा) २००२ पासून आहेत आणि या कामाला उत्तम बसतात, पण कोणता घ्यायचा ते नीट बघा. ‘बदल नको’ या अटीचा परवाना लेखकांना सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात समोरच्या संपादकाला लेख जागेपुरता छाटून छापता येत नाही आणि भाषांतरही करता येत नाही. ‘व्यावसायिक वापर नको’ म्हटलं की अंकात जाहिराती घेणारा क्लब बिचकतो. मी फक्त श्रेयाची अट असलेला परवाना सुचवेन: नाव द्या, परवान्याचा उल्लेख करा, बदल केले असतील तर तसं सांगा, बाकी मोकळीक. तो एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे लेखकाला आधी स्पष्ट सांगायला हवं. कुणाला ते नको असेल तर मजकुराच्या फाइलमध्येच वर दोन ओळी पुरेत: ‘ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या संगणक क्लबांना लेखकाच्या नावासह पुनर्मुद्रणाची परवानगी आहे. छापल्यास अंकाची एक प्रत क्लबला पाठवावी.’ त्याखाली लेखाची तारीख आणि सूचना सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर तपासल्या, तेही लिहा. या ओळी वेगळ्या पानावर ठेवल्यात तर लेख एकटाच फिरत राहतो आणि परवानगी मागे राहते.

संपादन एकाच माणसाच्या खांद्यावर असेल तर वाचकांसाठी पीडीएफ आणि इतर क्लबांसाठी फोल्डर, एवढंच करा. संकेतस्थळ सांभाळणारं कुणी असेल तर फीड जोडा. गिटकडे वळायचं ते किमान दोघांना ते रोज वापरायची सवय असेल तरच. सगळे जुने अंक एकदम सुटे करायला बसू नका. ज्या लेखांवर सदस्य अजूनही प्रश्न विचारतात, ते आधी घ्या.