लागून विझणारे दिवे आणि ओबीडी स्कॅनर: पावसाळाभर वापरल्यानंतर

डॅशबोर्डवरचा दिवा लागून तसाच राहिला तर फारसा प्रश्न नसतो. गाडी दाखवायची, कोड काढायचा, काम करून घ्यायचं. छळतो तो लागून विझणारा दिवा. आमच्या २०१८ च्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ईपीएसचा, म्हणजे इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा पिवळा दिवा असाच लागायचा. स्टिअरिंग एकदम जड व्हायचं आणि गाडी बंद करून चालू केली की सगळं गायब. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर ठरलेलं: ‘आत्ता काही दिसत नाही सर, परत लागला की घेऊन या.’ दुसऱ्या एका ठिकाणी तर थेट स्टिअरिंग कॉलम बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. त्यापेक्षा हजाराच्या आतला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारी डबी, घेऊन स्वतः बघणं केव्हाही बरं.

काडेपेटीएवढी डबी आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसते आणि फोनवरच्या कार स्कॅनर ॲपला जोडली जाते. कोड वाचणं आणि पुसणं सगळेच स्कॅनर करतात. मला खरा उपयोग झाला तो पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेमचा. बिघाड एकदा दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याची कच्ची नोंद ठेवतो, तोच पेंडिंग कोड. बहुतेक कोडांच्या बाबतीत पुढच्या फेरीतही तो दिसला तरच चेक इंजिन लागतं, नाहीतर नोंद आपोआप निघून जाते. म्हणून दिवा दिसला की गाडी बाजूला घेऊन तिथेच स्कॅन करायचा. घरी पोचून, दुसऱ्या दिवशी, असं नाही.

तसं केल्यावर मिळाला पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. फ्रीझ फ्रेममध्ये त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी होती: वेग ४, आरपीएम साडेसातशेच्या आसपास, इंजिन पूर्ण तापलेलं, व्होल्टेज ११.६. सोसायटीत पार्किंग करताना, एसी चालू असताना, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की दिवा का लागतो, ते तिथे कळलं. ईपीएसची मोटर नेमकी अशा वेळी सर्वात जास्त करंट ओढते.

पण कोडने एवढंच सांगितलं की व्होल्टेज कमी पडतंय. कुठे पडतंय ते सांगितलं नाही. यावरून लगेच बॅटरी किंवा ती चार्ज करणारा अल्टरनेटर बदलायला सांगणारे भेटतीलच! इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलांवर लावला तर १४.० आणि त्याच वेळी स्कॅनरवर १३.१. बॅटरी, अल्टरनेटर ठीक. मधल्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज पडतंय. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना तिथे फार तर ०.१-०.२ यायला हवेत, आले ०.८. ओळखीच्या वायरिंगवाल्या दादांनी बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट काढला, तर लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, पांढऱ्या-हिरव्या भुकटीने भरलेला. बॅटरीची तार सोडून, वायरब्रशने घासून, नवीन लग टाकून घट्ट केलं. मीटरवर ०.०५. उरलेल्या पावसाळ्यात तो दिवा परत लागला नाही आणि कॉलम जुनाच आहे.

आता उणिवा. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, कोड ही डबी प्रत्येक गाडीत वाचत नाही, कारण ते कंपनीनुसार वेगळे असतात. ॲपमध्ये आपल्या गाडीचं प्रोफाइल निवडलं तरच काही हाती लागतं. आयफोनवाल्यांनी जुन्या प्रकारचं ब्लूटूथ असलेला स्कॅनर घेऊ नये, जोडला जात नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ एलई बघून घ्यावा. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर डबी काढून ठेवा, सॉकेटला कायम करंट असल्याने ती बॅटरी पीत बसते. आणि दिवा दिसला की कोड पुसायची सवय अजिबात लावून घेऊ नका. पुसलं की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे हातातला एकमेव पुरावा गेला.

चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं. ते न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन कन्व्हर्टरच जाळतं. ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. एअरबॅगच्या दिव्यासाठीही सीटखालचे पिवळे कनेक्टर स्वतः हलवून बघू नयेत, ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.