कोल्ड स्टोरेजला थंड करणारा गॅस कोणता, अमोनिया की प्रोपेन, आगीच्या बाजूने बघितलं तर

"अमोनिया पेटत नाही हो, बिनधास्त घ्या" असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. अमोनिया पेटतो, फक्त सहजासहजी पेटत नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं तरच तो पेट घेतो, प्रोपेनला २ टक्केच पुरतात आणि स्विचची बारीकशी ठिणगीसुद्धा. म्हणूनच सेफ्टी क्लासमध्ये अमोनिया बी२एल म्हणजे विषारी पण कमी ज्वलनशील, आणि प्रोपेन ए३ म्हणजे विषारी नाही पण भडकणारा.

आता वासाचं बघा. अमोनिया थोड्या पीपीएमलाच (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग गॅस) नाकाला झोंबतो, ३०० पीपीएमला जीवाचा धोका धरतात आणि आगीला लागतात दीड लाख, म्हणजे आगीच्या कितीतरी आधी माणूस बाहेर पळालेला असतो, पळता आलं तर. प्रोपेनला स्वतःचा वासच नसतो, तिथे सगळा भरवसा डिटेक्टरवर.

पण बंद खोलीत गॅस साचत जातो आणि हे गणित बिघडतं. १९८४ मध्ये अमेरिकेत श्रीव्हपोर्टच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गळती थांबवायला आत गेलेला फायर ब्रिगेडचा एक जवान अमोनियाच्या स्फोटात गेला, ठिणगी फोर्कलिफ्टची होती. शिवाय गळतीबरोबर कॉम्प्रेसरच्या तेलाचे बारीक कण बाहेर पडले तर १५ टक्क्यांच्या खालीही पेटू शकतं, हे बरेच जण विसरतात.

गॅस साचतो कुठे तेही वेगळं आहे. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी, वर जाते, म्हणून मशीन रूमला छताजवळ दमदार एक्झॉस्ट पाहिजेच (लिक्विड फुटलं तर मात्र थंडगार पांढरं धुकं जमिनीलगत पसरतं, आणि त्या साचलेल्या लिक्विडवर थेट पाणी मारू नका, वाफ अजून वाढते). प्रोपेन जड, खड्ड्यात, गटारात जाऊन बसतो.

छोट्या फ्रीझर कॅबिनेटला मी प्रोपेनच म्हणेन, गॅस काहीशे ग्रॅमच असतो. मोठ्या स्टोरेजला अमोनिया, पण वेगळी मशीन रूम, डिटेक्टर, एक्झॉस्ट आणि बाहेरून बंद करता येणारा मेन स्विच यांचे पैसे आधी बाजूला काढा, तेवढे निघत नसतील तर कार्बन डायऑक्साइडचा प्लांट बघा, तो पेटतच नाही, प्रेशर मात्र खूप जास्त असतं.