राऊटरवर कंपनीचं फर्मवेअर की ओपनडब्ल्यूआरटी?

बेळगावात नवं कनेक्शन घेतलं की राऊटर भिंतीवर चढतो, आणि नेट चालतंय तोवर त्याच्या फर्मवेअरकडे, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरकडे, कोणी बघत नाही. सोय बघाल तर कंपनीचंच बरं: वाय-फाय तयार, मोबाइलवर ॲप, वर वॉरंटी. पण स्वस्तातल्या मॉडेलची अपडेट काही वर्षांत थांबतात आणि सापडलेल्या त्रुटी तशाच राहतात. हे मला फार गंभीर वाटतं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं गाठली, त्यात बहुतेक घरचे-दुकानातले राऊटर. त्याचा पहिला टप्पा राऊटर बंद-चालू केला तरी आत टिकून राहायचा.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी राऊटरवर घालायचं फर्मवेअर: २००४ पासूनचं, मुक्त, लिनक्सवरचं. लागतील तेवढीच पॅकेजं (जोड-सॉफ्टवेअर) घालायची, बाकी काही नाही. बसवल्यावर वाय-फाय सहसा बंदच असतं. केबल जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडायचं, पासवर्ड आपणच ठेवायचा. मात्र ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा), ३२ एमबी रॅमच्या जुन्या राऊटरना नवी आवृत्ती चालत नाही. मागच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्तीही जुळायला हवी, कारण नाव एकच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते. आणि खानापूरकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. नवं फर्मवेअर चढत असताना गेली तर राऊटर कायमचा बंद पडू शकतो, तेव्हा यूपीएसवरच करा.

निपाणीतल्या दुकानदाराला मी सांगेन: अपडेट येत असतील तर कंपनीचंच ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून राऊटरची सेटिंग बदलायची सोय) बंद करा. थांबली असतील आणि मॉडेल ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राऊटरच्या यादीत असेल, तर ओपनडब्ल्यूआरटी घाला.