फेराइट की निओडिमियम? चुंबक निवडताना

चुंबक घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जोरदार कुठला? उत्तरही ठरलेलं आहे, निओडिमियम, म्हणजे त्या नावाचा धातू, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचा चुंबक. त्यात वाद नाही. पण बहुतेक कामांना सगळ्यात जोरदार चुंबक लागतच नाही. लागतो पुरेसा जोर, आणि तो उष्णता, ओल, धक्के सोसून वर्षानुवर्षं टिकायला हवा. हा हिशेब मांडला की काळ्या, खापरीसारख्या दिसणाऱ्या फेराइटचं पारडं बऱ्याचदा जड होतं. माझा कल तिकडेच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आधी जोराचं बघू. भट्टीत भाजलेल्या चांगल्या फेराइटमध्ये ०.३८ ते ०.४२ टेस्लाइतकं (टेस्ला हे चुंबकी क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकत्व टिकून राहतं, निओडिमियममध्ये १.२ ते १.४ टेस्ला. हा फरक तिपटीचा दिसतो. ओढ मात्र या आकड्याच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून एकाच मापाचे दोन तुकडे लोखंडाला चिकटवले तर फरक जवळजवळ दसपट जाणवतो. तेच काम फेराइटकडून करून घ्यायचं तर आकारमानही साधारण दसपट लागेल. वजन तेवढं वाढत नाही, कारण फेराइट हलका: घनसेंटीमीटरला ४.९ ग्रॅमच्या आसपास, तर निओडिमियम ७.५. म्हणजे वजन साडेसहा पट. हेडफोन, ड्रोनची मोटर किंवा हार्ड डिस्क असेल तर विषय इथेच संपला, निओडिमियम घ्या.

इथे एक खाचखळगा आहे. फेराइटवर ‘वाय ३०’ लिहिलेलं असतं आणि निओडिमियमवर ‘एन ३५’. आकडे शेजारशेजारचे वाटतात, पण त्यांची एककं वेगळी आहेत. ‘वाय’पुढचा आकडा ढोबळमानाने किलोज्यूल प्रति घनमीटरमधली ऊर्जा सांगतो, ‘एन’पुढचा मेगागॉस-ऑर्स्टेडमधली, आणि असा एक मेगागॉस-ऑर्स्टेड म्हणजे जवळपास ८ किलोज्यूल. तेव्हा एन ३५ म्हणजे सुमारे २८० आणि वाय ३० म्हणजे फार तर ३०. ‘सी ५’, ‘सी ८’ या जुन्या अमेरिकन नावांतले आकडे तर नुसते अनुक्रमांक आहेत, त्यांची कशाशीच तुलना करू नका.

फेराइटचा जोर कमी असला तरी त्याला चतुराईने वापरता येतं. लाउडस्पीकरच्या मागची जाड काळी कडी बघा. फेराइट स्वतः ०.४ टेस्लाच्या आसपासच थांबतो, तरी आवाजाची गुंडाळी जिथे हलते त्या चिंचोळ्या फटीत १ टेस्लाच्या आसपास क्षेत्र मिळवता येतं. कारण कडी रुंद असते आणि तिच्या मोठ्या पृष्ठभागावरचं चुंबकत्व लोखंडी पट्ट्या गोळा करून फटीत आणून ओततात. नुसती चकती आणि लोखंडी वाटीत बसवलेली चकती यांच्या पकडीतही असाच मोठा फरक पडतो. तेव्हा फेराइट कमी पडतोय असं वाटलं तर चुंबक बदलण्याआधी त्यामागे लोखंड लावून बघा.

आता उष्णता, आणि खरा निर्णय बहुधा इथेच होतो. साधा ‘एन’ दर्जाचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे भरवशाचा राहत नाही. गेलेलं चुंबकत्व थंड झाल्यावरही पूर्ण परत येत नाही. ‘एसएच’ वगैरे दर्जे १५० अंशांपर्यंत आणि त्याहून वरचे दर्जे आणखी पुढे जातात, पण त्यासाठी बहुधा डिस्प्रोसियम किंवा टर्बियम हे महागडे धातू मिसळावे लागतात आणि किंमत चढते. फेराइट २५० अंशांपर्यंत चालतो. त्याचं चुंबकत्व ४५० अंशांच्या आसपास पूर्ण नाहीसं होतं. मात्र तापताना त्याचा जोर निओडिमियमपेक्षा जास्त वेगाने उतरतो, दर अंशाला सुमारे ०.२ टक्के. २० अंशांवरून १०० अंशांवर गेलात की १६ टक्के जोर गेला. थंड झालं की तो परत येतो, हे महत्त्वाचं. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या मॅग्नेट्रॉनमध्ये, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागात, फेराइटच्या कड्या बसवतात, त्यामागे स्वस्ताईइतकंच हेही कारण आहे.

थंडीत मात्र उलटा प्रकार होतो आणि तो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. विरोधी चुंबकीय क्षेत्राला दाद न देण्याची क्षमता बहुतेक चुंबकांमध्ये तापमानाबरोबर घटते. फेराइटमध्ये ती वाढते. म्हणजे थंडीत ती कमी होते: उणे ४० अंशांवर १५ ते २० टक्के. कडाक्याच्या थंडीत अडकलेली मोटर जोराने चालू केली की गुंडाळीतून मोठा प्रवाह जातो, त्याचं विरोधी क्षेत्र फेराइटवर आदळतं आणि त्याचं चुंबकत्व कायमचं घटू शकतं. बर्फाळ हवेतल्या मोटरसाठी फेराइट घेताना पातळ तुकडा टाळा आणि थंडीतले आकडे मागून घ्या.

ओलीच्या बाबतीत तुलनाच नाही. फेराइट म्हणजे लोहाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमचा कार्बोनेट एकत्र भाजून केलेली सिरॅमिक. मूळचाच गंज, त्याला आणखी गंज काय चढणार? मुलाम्याची गरजच नाही. निओडिमियममध्ये लोखंड धातूच्या रूपात असतं, म्हणून त्यावर निकेल, जस्त किंवा इपॉक्सीचा थर देतात. तो थर एका कोपऱ्याला खरवडला गेला की आतून भुगा व्हायला सुरुवात होते. मत्स्यालयाच्या पंपात पाण्यातच फिरणारा चुंबक बहुधा फेराइटचा असतो, तो याचमुळे. शिवाय फेराइट विजेचा जवळजवळ दुर्वाहक आहे, त्यामुळे वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रात त्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, वाहून तो तापत नाही.

ठिसूळ दोन्ही आहेत. फेराइट आपटला तर टवका उडतो, निओडिमियमचे दोन तुकडे एकमेकांवर झेपावले तर तेही फुटतात आणि मधे बोट आलं तर बोटाचीही खैर नाही. लहान मुलं असलेल्या घरात छोटे निओडिमियम गोळे नकोतच. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मधे धरून चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

किंमत आणि पुरवठा हा शेवटचा मोठा मुद्दा. फेराइटचा मुख्य कच्चा माल लोहाचा ऑक्साइड, आणि पोलाद ॲसिडने स्वच्छ करताना उरणाऱ्या द्रावातूनही तो मिळवतात. निओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखे ‘दुर्मीळ मृदा’ गटातले धातू त्याच्या मूळ घडणीत लागत नाहीत. २०१०–११ मध्ये चीनने निर्यात आवळली तेव्हा निओडिमियमचे भाव भडकले. एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियम, टर्बियम आणि ते असलेल्या चुंबकांवर पुन्हा निर्बंध आले. तुमचं उत्पादन दहा वर्षं चालायचं असेल तर ही गोष्ट कागदावरच्या जोराइतकीच महत्त्वाची आहे.

बाकीचे दोन पर्याय थोडक्यात. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मिश्रधातू) ५०० अंशांच्या आसपासही टिकतो, पण विरोधी क्षेत्रापुढे लगेच मान टाकतो. समेरियम-कोबाल्ट उष्णता आणि गंज दोन्ही सोसतो आणि खिसा रिकामा करतो.

फ्रिजच्या दाराचं रबर, मऊ चुंबकी पट्टी, फळ्यावरची चकती, वायपरची मोटर, धान्यातले खिळे वेचणारा विभाजक: यांना फेराइटच घ्या. मऊ पट्टीतही फेराइटचीच भुकटी रबरात कालवलेली असते.

मागवताना मात्र ‘फेराइट चुंबक’ असंच स्पष्ट लिहा. नुसतं ‘फेराइट’ म्हटलंत तर केबलवर चढवायचा काळा मणी किंवा ट्रान्सफॉर्मरचा गाभा हातात पडेल. तोही फेराइटच, पण मृदू जातीचा. क्षेत्र काढून घेतलं की त्याचं चुंबकत्व संपतं, आणि त्याला टाचणीही चिकटत नाही. भोक हवं असेल तर तेही मागवतानाच सांगा, कारण घरच्या ड्रिलपुढे फेराइट तडकतो.