पीक विमा: एक रुपयाचा आणि आत्ताचा, दोन खरिपांचा अनुभव

जुलै आला की गावात एकच विषय, विमा भरायचा का नाही. 2024 आणि 2025 अशा दोन्ही खरिपांत भरलाय म्हणून सविस्तर लिहितो. आमचं लातूर-धाराशिव पट्ट्यातलं कोरडवाहू सोयाबीन, मधे तूर. योजना तीच, 2016 पासूनची प्रधानमंत्री पीक विमा, पण 2025 ला आपल्या राज्यात ती आतून पार बदलली आणि बऱ्याच जणांना अजून वाटतंय की फक्त एक रुपयात विमा मिळायचा ते गेलं अन हप्ता वाढला. हप्ता वाढला ते सोडा, विम्यात मिळतं काय तेच बदललंय.

2024 ला एक रुपयात अर्ज, बाकीचा हप्ता सरकारनं भरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाऊस झाला तेव्हा नाल्याकडचं रान पाण्याखाली गेलं. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवायचं, क्रॉप इन्शुरन्स ॲपवर नाहीतर 14447 वर. ॲप ओटीपीलाच अडकायचं, रानात रेंज नाही म्हणून रस्त्यावर येऊन फोटो चढवले, पण डॉकेट नंबर (तक्रार नोंदीचा नंबर) आला. नंतर कंपनीचा माणूस पंचनाम्याला आला आणि टक्केवारीचा रकाना कोरा ठेवून सही मागायला लागला. वडील म्हणाले आधी आकडा लिही मग सही, आणि लिहिल्यावर फॉर्मचा फोटो काढून ठेवला. हे सगळ्यांनी करा, नंतर वाद झाला तर तेवढाच पुरावा असतो. पैसे यायला उन्हाळा उजाडला, पण आले, आणि आमच्या रानात जे नुकसान झालं त्याचे आले.

2025 ला शेतकरी हिस्सा खरिपाला 2 टक्के झाला, सोयाबीनला हेक्टरी 58,000 चं संरक्षण म्हणजे आमचे 1160 रुपये. ते द्यायला काही वाटलं नाही. पण त्याच वेळी पेरणीच न होणं, स्थानिक आपत्ती (आमचं रान पाण्याखाली गेलं तसं), हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान हे चारही ट्रिगर, म्हणजे भरपाई मिळायची कारणं, काढून टाकले. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर (निवडलेल्या रानात पीक कापून वजन करतात तो), ती पण महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरीवर.

हिशोब असा असतो. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी 1000 किलो धरलंय आणि कापणी प्रयोगात सरासरी 700 किलो आलं, तर तूट 30 टक्के, म्हणजे 58,000 च्या 30 टक्के, 17,400 रुपये. ज्याचं रान खरडून गेलं त्यालाही 17,400 आणि ज्याला माळावर बऱ्यापैकी झालं त्यालाही 17,400. आणि सरासरी 1000 च्या वर गेली तर कोणालाच काही नाही, तुमच्या रानात शेंग शिल्लक नसली तरी. शिवाय उंबरठा म्हणजे मागच्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांची सरासरी आणि त्याच्या 70 टक्के, म्हणजे तो आधीच खाली धरलेला असतो.

सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात अतिवृष्टीनं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. शेजारच्या काकांनी सोयाबीन काढून बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावली होती, वरून ताडपत्री, पण पाणी खालून शिरलं, उघडून बघितलं तर आत वाफ निघतीय अन शेंगांना पांढरे कोंब. ते विमा कंपनीला फोन लावत बसले, पण वैयक्तिक तक्रारीची तरतूदच नाही म्हटल्यावर समोरचा तरी काय नोंदवणार. तलाठ्याच्या पंचनाम्यावर 2025 ला जे हेक्टरी 8500 ठरले होते (कोरडवाहूला, 3 हेक्टरपर्यंत) ती सरकारी मदत, विमा नव्हे. दोन्हीत गल्लत करू नका, एक मिळालं म्हणून दुसरं बंद होत नाही.

एक रुपयाच्या काळात बोगस अर्ज झाले हे खरंय, सरकारी जमिनीवर पण विमा काढला लोकांनी. मग त्यांना धरा ना. ज्याचं खरंच वाहून गेलं त्याचा ट्रिगर कशाला काढता? मी तर म्हणतो हप्ता थोडा वाढवा पण स्थानिक आपत्ती परत घ्या. केंद्रानं नोव्हेंबर 2025 ला खरीप 2026 पासून रानडुकरासारख्या वन्यप्राण्यांचं नुकसान आणि भात पाण्याखाली जाणं विम्यात घ्यायचं ठरवलंय, पण ते स्थानिक आपत्तीतच येतं, राज्यानं ते घेतलं तरच आपल्याला उपयोग.

तरी भरा असंच सांगेन, आम्ही पण भरणार, कारण सगळ्या मंडळाचंच उत्पादन बसलं तर हेक्टरी 1160 च्या बदल्यात चांगली रक्कम येते. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला अर्जामागे कंपनीकडून 40 रुपये मिळतात, त्यामुळे हप्त्याच्या वर पैसे देऊ नका. फार्मर आयडी लागतोच. ई-पीक पाहणी (पेरलेल्या पिकाची मोबाईलवर नोंद) करायचीच, अर्जात सोयाबीन अन पाहणीत दुसरं पीक निघालं तर अर्ज गेला. खातं आधारला जोडलेलं पाहिजे.

आणि कापणी प्रयोग कुठल्या गावात, कुठल्या गटात आहेत ते कृषी सहाय्यकाला विचारून ठेवा, कापणीच्या दिवशी चार जण जाऊन उभे रहा, वजन डोळ्यांसमोर होऊ द्या. सगळ्या मंडळाची भरपाई आता त्याच वजनावर ठरते.